येलहंक्याच्या सभेत मागच्या रांगांचा हुंकार

बंगळूरला जायचं ठरलं ते एका फोनमुळे. माझी धाकटी बहीण मालती बनशंकरीला राहते. तिचे यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्तीनंतर दोघं तिथेच राहिली. मालूचे फोन भाजीच्या भावापासून सुरू होतात. या वेळी तिने थेट विचारलं, "ताई, शनिवारी येलहंक्याला एका सभेत बोलशील का?"

"कसली सभा?"

"इंटरनेटचे नियम कसे असावेत त्याची. सामान्य वापरकर्त्यांनी यावं, बोलावं, असं आवाहन आहे. आमच्या रुक्मिणीचं खातं बंद पाडलंय. पेन्शन ऑफिसला तू घाम फोडला होतास ना? तशीच ये."

रुक्मिणी म्हणजे मालूचे ब्लाउज शिवणारी. तिचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातलं मराठी, घरात बोलतात मराठी, पण निम्मे शब्द कानडी. ती एका व्हिडिओच्या ॲपवर ब्लाउज बेतायला शिकवायची, कानडी आणि मराठीत. दोन-तीन वर्षांत बऱ्याच बायका तिच्या विद्यार्थिनी झाल्या. मग तिने कटोरी ब्लाउजचा धडा टाकला. पुतळ्यावर ब्लाउज चढवून टक्स कुठे घ्यायचे ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला: अश्लील मजकुरामुळे आपलं खातं बंद करण्यात येत आहे. तिने दाद मागितली, तर तेच वाक्य परत आलं. पुन्हा मागितली, पुन्हा तेच. सभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, खातं सगळ्या धड्यांसकट कायमचं पुसलं जाणार होतं.

मी मिरजेहून रात्रीच्या गाडीचं एसी थ्री-टियरचं तिकीट काढलं. ही गाडी लवकर भरते, जाणार असाल तर आधीपासून बघा. जेवण घरून न्या, गाडीतला भात मी कुणालाही सुचवणार नाही.

गुरुवार: यशवंतपूर ते बनशंकरी

बनशंकरीला जाणाऱ्यांनी मुख्य स्टेशनापर्यंत जाऊ नये, यशवंतपूरलाच उतरावं. शेजारीच मेट्रो आहे आणि हिरवी लाइन गाडी न बदलता बनशंकरीला नेते. रिक्षावाल्यांनी सांगितलेले आकडे मी ऐकले आणि जिन्याकडे वळले. थंडी होती. डिसेंबरात बंगळूरला स्वेटर लागतो.

मालूने अवरेकाळू घालून उप्पिट्टू केला होता. अवरेकाळू म्हणजे आपल्या पावट्याचे दाणे. या दिवसांत अख्खं शहर ते सोलत बसलेलं असतं. खाता खाता मी सभेचा मसुदा वाचला. इंग्रजीत होता, पानंच्या पानं. आमच्या कामाचं कलम एकच: खातं कायमचं बंद करण्याआधी वापरकर्त्याला त्याच्या भाषेत एका माणसाने उत्तर द्यावं. पुढे कंसात, कंपन्यांच्या सूचनेवरून, नवे शब्द घातले होते: शक्य असेल तिथे.

"बरं आहे की," मालू म्हणाली.

"काही बरं नाही. 'शक्य असेल तेव्हा गृहपाठ करावा' असं मी फळ्यावर लिहिलं असतं तर एक तरी वही आली असती का?"

मी तीसेक वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे.

शुक्रवार: पीण्या

पर्यटक पीण्याला जात नाहीत. मेट्रोतून उतरलं की लोखंडाचा कीस, तेल आणि वेल्डिंगचा वास येतो. लहान लहान कारखाने खेटून उभे आहेत. रुक्मिणीचा नवरा त्यातल्याच एकात लेथवर काम करतो. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दिव्याची गोल कडी आणि तो पुतळा. पुतळ्यावर तिने चादर टाकली होती.

"झाकलाय का?" मी विचारलं.

"यांना कारखान्यात चिडवतात अक्का. 'तुझ्या बायकोचं काय बघून बंद केलं रे?' म्हणतात. हे हसतात तिथे. घरी येऊन जेवत नाहीत."

मी म्हटलं, "उद्या तूच सांग त्यांना. तुझंच आहे ते."

"मी? तिथे सगळे सूटवाले असणार. तो शब्द मी कसा उच्चारू?" ती कॉफी आणायला उठली. "तुम्हीच बोला अक्का. तुम्हाला सवय आहे."

मला ते पटलं. खरं तर आवडलंही. परतताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी उभ्या उभ्या सेट डोसा खाल्ला. तीन मऊ डोसे, सोबत सागू, म्हणजे मिश्र भाज्यांचा रस्सा. स्वस्त आणि उत्तम. शेजारचे दोन कामगार एक कॉफी दोन पेल्यांत वाटून पीत होते. इथे तशी रीतच आहे, 'बाय-टू' म्हटलं की दोन पेले येतात. मी एकटी असल्याने वेटरने विचारलंही नाही. मनात दोन मिनिटांचं भाषण तयार होत होतं. दरेक वक्त्याला दोनच मिनिटं होती.

शनिवार: येलहंका

रुक्मिणी यशवंतपूरला भेटली. तिथून येलहंक्याची बस घेतली. बायकांसाठी एक सूचना: कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसमधून फुकट प्रवास आहे, आपल्याला नाही. रुक्मिणीने आधार कार्ड दाखवलं, मी पैसे दिले. कंडक्टर हसून तिला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, टीचर असणार. सुटे पैसे मोजून आणलेत."

ती हसली ती तेवढीच. येलहंका जवळ आलं तसा तिचा हात पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरू लागला. वरून हवाई दलाचं विमान गेलं, खिडक्या थरथरल्या. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, माझं नाव घेऊ नका. कारखान्यातलं कुणी असलं तर? आणि तो शब्द तर नकोच. नाहीतर मी पुढच्या स्टॉपला उतरते."

"नाव नाही, शब्द नाही, तर मी बोलू काय?"

"सरी," म्हणजे ठीक, ती म्हणाली, "मग नकाच बोलू."

मी कबूल झाले. दुसरा मार्ग नव्हता.

सभा एका कॉलेजच्या सभागृहात होती. दारात एका मुलीने गळ्यात घालायचं कार्ड दिलं. नावाखाली संस्था लिहायची होती. मी 'वापरकर्ती' लिहिलं. त्या मुलीने दोनदा वाचलं. पुढच्या रांगांत वकील, कंपन्यांची माणसं, प्राध्यापक, प्रत्येकासमोर लॅपटॉप. शेवटच्या चार रांगांवर इंग्रजीत पाटी: सामान्य वापरकर्ते. तिथे शिवणकामवाल्या बायका होत्या, काही रिक्षाचालक, माकडटोपीतले एक आजोबा. जवळपास सगळे कानडी. आम्ही त्यांच्यात बसलो.

दोन तास सगळं इंग्रजीत चाललं. मला कळत होतं. माझ्या रांगेला कळत नव्हतं. कुणी जांभया देत होतं, कुणी जेवणाच्या कुपनाची घडी करून उलगडत होतं.

माझी पाळी आली. 'एका ओळखीच्या बाईचं एक खातं एका धड्यामुळे बंद झालं' असं मी म्हणाले. कसला धडा, ते नाही. कोणतं कारण, ते नाही. इतकं पुचाट मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. कंपन्यांच्या वतीने आलेले गृहस्थ अतिशय नम्र होते. ते म्हणाले, "बाईंविषयी सहानुभूती आहे. पण तपशील नसेल तर मी काय बोलणार? आणि तक्रारी इतक्या येतात की प्रत्येक ठिकाणी माणूस बसवणं अशक्य आहे. म्हणूनच ते शब्द."

मी येऊन बसले. रुक्मिणीने माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि मग ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी हे लिहिते आहे. अध्यक्षांनी सांगितलं की इथे मतदान होणार नाही. इंटरनेटचे नियम घडवणाऱ्या इंजिनिअरांची एक जुनी रीत आहे: सभासद कोण हे ठरलेलं नसतं, त्यामुळे डोकी मोजत नाहीत. ज्यांना प्रस्ताव मान्य त्यांनी तोंड मिटून हुंकार द्यायचा, मग अमान्य असलेल्यांनी. कोणता आवाज मोठा ते अध्यक्ष ऐकतो.

मी थक्क झाले. तोंड मिटून गुणगुणणाऱ्या वर्गाला मी तीस वर्षं पट्टी आपटून गप्प केलं आहे. कोण करतंय ते सापडू नये, हाच पोरांचा हेतू असतो. इथे मोठी माणसं तेच करून कायदा सुचवणार होती!

"'शक्य असेल तिथे' हे शब्द ठेवावेत असं वाटणाऱ्यांनी?" अध्यक्ष इंग्रजीत म्हणाले. पुढच्या रांगांतून खालच्या सुरात घुमल्यासारखा आवाज उठला.

"काढावेत असं वाटणाऱ्यांनी?" मी हुंकार दिला. मधल्या रांगेतले दोन प्राध्यापक असावेत, त्यांनी दिला. मागच्या चार रांगा गप्प.

"पहिला आवाज स्पष्ट मोठा आहे," अध्यक्ष म्हणाले आणि पान उलटू लागले.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. 'समजलं का?' विचारल्यावर वर्ग असा गप्प बसतो तेव्हा त्याचा अर्थ होकार नसतो. मी उभी राहिले.

"अध्यक्ष महाराज, मागच्यांना प्रश्नच कळलेला नाही. तो कानडीत विचारा."

"मॅडम, वेळ संपत आलाय. दुभाषा आज आलेला नाही."

"तुम्ही सामान्य माणसाला बोलावून मागे बसवलंत आणि त्याला न कळणाऱ्या भाषेत विचारलंत. मग तो गप्प बसला म्हणून त्याची बाजू हरली म्हणता?"

पुढच्या माना वळल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. तुम्हीच विचारा कानडीत. एक मिनिट."

मला कानडी येत नाही. भाजी घेण्यापुरतंही नाही. मी माइक हातात घेऊन उभी राहिले, आणि ते अख्खं सभागृह बघत होतं.

मी माइक रुक्मिणीपुढे धरला. "यात तुझं काही सांगायचं नाही. फक्त प्रश्न विचार."

तिने मान हलवली. नाही. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. मी माइक तसाच धरून ठेवला. वर्गात एखादी मुलगी फळ्याशी अडून उभी राहिली की मी खडू परत घेत नसे, तसाच.

मग ती उठली. माइक घेतला, मागे वळली, आणि पुढच्यांकडे पाठ करून बोलू लागली. ती रोज ज्यांच्याशी बोलायची तशाच बायका समोर होत्या. आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला सावरला. तुमचं खातं बंद झालं, धंदा बंद झाला, तर उत्तर कुणी द्यायचं, असं ती विचारत होती, हे मलाही कळलं. शेवटी म्हणाली, "यंत्र साका, मनुष्य बेका?" यंत्र पुरे, की माणूस हवा?

"मनुष्य बेकु!" मागून एक बाई ओरडलीच.

"हरकत आहे," नम्र गृहस्थ उठले. "प्रश्न शब्दांविषयी होता. हे प्रश्नच बदलणं झालं."

हरकत रास्त होती, मला मान्य करावं लागलं. रुक्मिणीने आता मी सांगितलेले कंसातले शब्द जसेच्या तसे कानडीत सांगितले. माकडटोपीतल्या आजोबांनी हात वर करून तिला काही विचारलं. तिने ते हिंदीत पुढे सांगितलं: "आजोबा विचारतात, शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण?"

अध्यक्षांनी गृहस्थांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अर्थात... आम्ही."

पुढच्या रांगांतही हसू फुटलं.

पुन्हा हुंकार घेतला. ठेवावेत: पुढून तोच आवाज. काढावेत: मागच्या चार रांगांनी तोंड मिटलं आणि असा हुंकार दिला की पायाखालची लाकडी फळी घुमली. शब्द काढले गेले. अध्यक्षांनी बजावलं की ही केवळ शिफारस आहे, वर मान्य होईलच असं नाही.

बाहेर पडताना रुक्मिणी माझ्या शेजारून निसटली आणि थेट त्या गृहस्थांसमोर उभी राहिली. मोबाइलमध्ये तिने धड्याचा फोटो जपून ठेवला होता. "सर, बघा. यात काय दिसतं?"

त्यांनी पाहिलं. कान लाल झाले. "ब्लाउज दिसतो."

"यालाच अश्लील म्हटलंय." शब्द तिने उच्चारला, चारचौघांत, मोठ्याने.

"मला एकेका खात्यात हात घालता येत नाही, अम्मा. तुम्ही ॲपवरून पुन्हा कळवा."

परतीच्या बसमध्ये तिने तो फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाली, "अक्का, बघितलं तर खरं ना कुणीतरी."

घरी

खातं रविवारी गेलं. सगळे धडे गेले. सोमवारी मिरजेला उतरले तेव्हा तिचा निरोप आलेला होता, दोनच शब्द: "पुसलं अक्का." मी रागाने बॅग आपटली, हमालाने वळून पाहिलं.

पंधरवड्याने सुधारलेला मसुदा ईमेलने आला. कंसातले शब्द खरंच नव्हते. मसुदा पुन्हा इंग्रजीतच. मी लगेच लिहिलं की हा कानडीत आणि मराठीत हवा, आणि उत्तर माणसाने द्यावं. मिनिटाभरात उत्तर आलं: आपला संदेश मिळाला, या संदेशाला प्रत्युत्तर देऊ नये. मी दिलं.

बंगळूरला जावं का? जावं. मेट्रो स्वच्छ आहे, कॉफी उत्तम, थंडीत अवरेकाळू चुकवू नये. आणि अशी एखादी सभा असेल तर मागे बसून कुपनाची घडी करू नका. कळलं नाही तर उठून विचारा.

काल रुक्मिणीने नवं खातं उघडून पहिला धडा टाकला. बघणारे अजून थोडेच आहेत. चौकटीत मागे पुतळा उभा आहे, चादर नाही. मधूनच दारातून नवरा डोकावतो आणि कॉफीचा पेला मशीनवर ठेवून जातो. टेप कशी धरायची ते दाखवून ती कॅमेऱ्याकडे बघते आणि विचारते, "अर्थ आयता? समजलं?"

स्वयंपाकघरात मी एकटीच होते. तोंड मिटून मी चांगला मोठा हुंकार दिला.