चेओसाठी राखलेली किडनी

डॉक्टर बाल्देरामांनी कागदावर दोन पोटं काढली. चित्रकला बेताचीच, पण समजावून सांगण्यात माणूस पटाईत. पहिलं पोट उभं कापलेलं. केळ्याएवढी नळी ठेवायची आणि बाकीचं काढून टाकायचं, ही स्लीव्ह. दुसऱ्यात पोटाच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करायची आणि खालचं आतडं ओढून तिला जोडायचं, हा बायपास.

"तुमच्यासाठी बायपास," ते म्हणाले. "आडवं झोपता येत नाही म्हणालात ना?"

"चार वर्षं खुर्चीतच झोपते. आडवी झाले की सगळं घशाशी येतं."

"मग प्रश्नच मिटला. बायपासनं ती आग बहुतेक जाईल. स्लीव्हनं उलट वाढू शकते."

"मला स्लीव्ह पाहिजे," नेरेइदा म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नेरेइदाबाई, मी आत्ता काय सांगितलं?"

"ऐकलं की. कानाला काही झालेलं नाही माझ्या. स्लीव्हच लिहा."

आता बाई हट्टी, हे मॅकॅलन शहरापासून सरहद्दीवरच्या नदीपर्यंत कुणीही सांगितलं असतं. नेरेइदा विलाफ्रांका. वय त्रेपन्न, वजन दोनशे शहाण्णव पौंड, उंची जेमतेम सव्वापाच फूट. एकवीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवत होती. बसमध्ये कुणी दंगा केला तर ती ओरडायची नाही. बस बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि आरशातून नुसती बघत राहायची. टेक्सासच्या त्या उन्हात बंद बस दोन मिनिटांत तापायची आणि सगळे सुतासारखे सरळ व्हायचे. नवरा तिला कंटाळून ह्यूस्टनला गेला तेव्हाही ती अशीच बघत राहिली होती म्हणे. खरंखोटं तिलाच माहीत.

पण इथे हट्टामागे कारण होतं, आणि ते कारण आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या मशीनला जोडलेलं असायचं.

चेओ तिचा धाकटा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. कागदावर एलिसेओ, पण त्या नावानं त्याला फक्त मशीनवरच्या नर्सा हाक मारायच्या. आई कांद्याच्या शेडमध्ये कामाला जायची, म्हणून त्याला कडेवर घेऊन वाढवला तो नेरेइदानं. या घराला साखरेनं पोखरलं होतं. आईनं मशीनवरच जीव सोडला, मामाचा पाय गेला, आणि आता चाळिशीतच चेओच्या दोन्ही किडन्या गेल्या. सगळ्यांत जाडी नेरेइदा, आणि नेमकी तिचीच साखर स्वच्छ. डॉक्टरांनी दोनदा तपासली. तिला मात्र त्याचं नवल वाटलं नाही. एकीची तरी किडनी धड राहायला नको का, तिनं मनाशी म्हटलं.

आपली एक किडनी त्याला द्यायची म्हणून तिनं चेओला न सांगता सॅन अँटोनिओच्या इस्पितळात फोन केला. रक्त जुळलं. तिथली ऑड्री नावाची नर्स बोलायला गोड, पण नियमाला पक्की. "तुमचं वजन दोनशेच्या खाली आलं पाहिजे, त्याशिवाय आम्ही तुमच्यावर चाकू चालवू शकत नाही," ती म्हणाली. नेरेइदानं वजन उतरवायच्या शस्त्रक्रियेचं विचारलं तेव्हा ऑड्रीनं तेही सांगितलं. "स्लीव्ह केलीत आणि वजन टिकवलंत तर आपण बघू. बायपास केलात तर मुतखडे होण्याची भीती असते. मग एका किडनीवर तुम्हाला जगायला लावायचं, हे आमचे डॉक्टर मान्य करत नाहीत."

झालं. बाईनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. आग तर आग, जन्मभर खुर्चीत झोपू. डॉक्टर बाल्देरामांना मात्र यातलं अवाक्षर बोलली नाही. शाळेच्या विमा कंपनीला कळलं की ही पोट स्वतःसाठी नाही, भावासाठी कापून घेतेय, तर ते पैसे नाकारतील, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तसा नियम आहे की नाही हे तिनं कुणाला विचारलंही नाही. आपल्याकडे विम्याच्या माणसाला कुणी काही विचारत नाही. विचारलं की तो नाही म्हणतो, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

विम्याची एक अट मात्र कागदावर होती. सलग सहा महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली पथ्य पाळायचं, दर महिन्याला काट्यावर उभं राहायचं. एक महिना चुकला की पुन्हा एकपासून.

तिचा दिवस ठरलेला होता. सकाळची फेरी संपली की पिकअप काढायची, दहाला चेओच्या दारात हॉर्न वाजवायचा, त्याला मशीनवर सोडायचं, आणि दुपारच्या फेरीआधी घरी आणायचं. मशीनवरून उतरलेला चेओ पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखा दिसायचा. तोंड मात्र शाबूत.

"काय ग ताई, डब्यात आज गवत आणलंस?"

"सॅलड आहे ते. गप बस."

"तू सॅलड खाणार आणि मी बघणार. हेच बघायला देवानं मला जिवंत ठेवलं." मग जरा वेळानं, "आणि हे कापाकापीचं काय भूत शिरलं डोक्यात?"

"गुडघे दुखतात."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"बायपास कर म्हणतो. पण स्लीव्ह सोपी असते."

"सोपी म्हणे. डॉक्टर शिकून आलाय की तू? बायपास कर, ताई. निदान पलंगावर पाय पसरून झोपशील. आई गेल्यापासून मी तुला आडवी बघितलेली नाही."

तिनं रेडिओचा आवाज वाढवला.

तीन महिने नीट पार पडले. तिनं पोळीसारख्या टॉर्टिया सोडल्या, गोड पाव सोडला, रविवारचं मऊ शिजवलेलं मांस, तो बार्बाकोआसुद्धा सोडला. बार्बाकोआच्या दुकानापुढून जाताना गाडीच्या काचा वर करून घ्यायची. अठरा पौंड उतरले. चौथ्या महिन्यात काट्याची तारीख होती त्या सकाळी चेओच्या हातातली डायलिसिसची शीर रक्त गोठून बंद पडली. इस्पितळात ती दिवसभर त्याच्या उशाशी बसली. संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला तर ते बंद करून गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी महिना उलटला होता. विम्याच्या बाईनं फोनवर शांतपणे सांगितलं, पुन्हा एकपासून. नेरेइदानं फोन ठेवला आणि बसच्या डेपोत, रिकाम्या बसच्या मागच्या बाकावर बसून ती रडली. तिला रडताना कुणी पाहिलं असतं तर तिनं त्याचं तोंड बंद केलं असतं. तिचे तीन महिने गेले याचं तिला काही नव्हतं, चेओचे गेले होते.

आणि मग ते पाकीट. सॅन अँटोनिओहून आलेलं पत्र तिनं गाडीच्या पुढ्यातल्या फळीवर टाकलं आणि विसरली. बुधवारी गाडीत बसल्यावर चेओनं ते उचललं. किडनी, दोनशे पौंड, स्लीव्हची अट, सगळं शेवटपर्यंत वाचलं.

"दुसऱ्याची पत्रं वाचायला कधीपासून लागलास?"

"त्यात माझं नाव आहे, ताई." त्याचा आवाज खाली आला होता. "म्हणजे गुडघे-बिडघे सगळी थाप."

"गुडघे दुखतातच."

"म्हणून स्लीव्ह. डॉक्टर बायपास म्हणतोय आणि तू माझ्यापायी जन्मभर छातीत आग घेऊन बसणार. आधी पोट कापणार, मग किडनीसाठी कूस कापणार. मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू अंगठा चोखत होतास तेव्हापासून तुला विचारून मी काही केलेलं नाही."

"तेच तर म्हणतोय," चेओ म्हणाला. "एकदा तरी विचारायचंस."

दुसऱ्या दिवशी ऑड्रीचा फोन आला. "तुमच्या भावांनी कळवलंय. तुमची किडनी ते घेणार नाहीत. कुणा गेलेल्या माणसाची मिळाली तर घेईन, तोवर थांबेन, म्हणाले."

"तो चक्रम आहे. तुम्ही फाइल ठेवा."

"घेणाऱ्यानं नाही म्हटलं की आमचे हात बांधलेले असतात. त्यांचं मन बदललं तर कळवा."

त्या दिवसापासून तिनं अबोला धरला. म्हणजे गाडी चालू होती. भांडण कितीही असो, मशीन चुकवून चालत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार दहाला हॉर्न वाजायचा, तो येऊन बसायचा, रेडिओ बोलायचा, ही दोघं नाही. दोनतीनदा त्यानं तोंड उघडलं. "ताई, ऐक तरी." तिनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. तिचा हिशेब सरळ होता. सहा महिने पुरे करायचे, स्लीव्ह करून घ्यायची, दोनशेच्या खाली यायचं, आणि मग त्याच्यापुढे उभं राहून म्हणायचं, आता म्हण नाही. वेळ आहे असं ती धरून चालली होती. नदीच्या या खोऱ्यात दर दुसऱ्या घरात कुणीतरी मशीनवर असतं, आणि प्रत्येक घर असंच धरून चालतं.

अबोल्याचा अकरावा रविवार होता. तिनं त्याच्यासाठी बिनमिठाच्या टॉर्टिया लाटल्या, फडक्यात गुंडाळल्या, त्याच्या पडवीतल्या खुर्चीवर ठेवल्या आणि दोनदा हॉर्न देऊन निघाली. आरशात तो बाहेर आलेला दिसला. त्यानं हात वर केला. ती थांबली नाही.

सोमवारी दहाला तिनं हॉर्न दिला. तो आला नाही. पुन्हा दिला. आता हा रुसून बसलाय, यायचं तर येईल, असं म्हणून ती स्टिअरिंगवर बोटं वाजवत पाच मिनिटं रागातच बसून राहिली. मग उतरली. शनिवार-रविवार मशीन नसतं, अंगात पाणी साठतं, आणि सोमवारी सकाळी काळीज दगा देतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. चेओ पलंगाच्या कडेला बूट घालून बसला होता, मागे भिंतीला टेकलेला. हात अजून कोमट होता. ती पाच मिनिटं नेरेइदाला कुणीही परत देऊ शकलं नाही, आणि तिनं ती स्वतःला कधी माफ केली नाहीत.

गावात कुणी गेलं की क्रियाकर्माच्या खर्चासाठी कोंबडीची ताटं विकायची, ही रीत. चर्चच्या मागे जाळ पेटला, शेजारपाजारच्या बायका भात आणि घेवडा घेऊन आल्या. नेरेइदा दिवसभर जाळापुढे उभी राहून कोंबड्या उलटत होती. कुणीतरी म्हणालं, "दोन घास तरी खा ग." तिनं नको म्हणून मान हलवली. त्या दिवशी तिला पथ्याची आठवणही नव्हती. तिनं पुढची कोंबडी उलटली.

पथ्य मात्र तिनं मोडलं नाही, महिन्याचा काटाही चुकवला नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. सहावा महिना भरला, विम्याची मंजुरी आली. त्या कागदावर छापलं होतं, शस्त्रक्रिया: स्लीव्ह. ते पत्र ती तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरली. स्लीव्ह लिहिलेलं आहे तोवर तिच्या किडनीची कुणीतरी वाट बघतंय. तो शब्द खोडला की चेओ खरंच गेला. एवढी शहाणीसुरती बाई, पण तिचं मन तिथेच अडून बसलं होतं.

डॉक्टर बाल्देरामांनी फाइल उघडली. बाईचं दुखवट्याचं काळं जाकीट त्यांनी पाहिलं असेल, नसेलही. "शेवटचं विचारतो," ते म्हणाले. "अजून स्लीव्हच?"

नेरेइदानं भिंतीवरच्या पोटाच्या तक्त्याकडे बघितलं. आता तिच्याशी वाद घालायला कुणी नव्हतं. पलंगावर झोप, असं सांगणारंही कुणी नव्हतं.

"बायपास करा," ती म्हणाली.

"उत्तम. शहाणपणा केलात." डॉक्टर मनापासून खूश झाले, आणि तिला वाटलं, यांच्या एक थोबाडीत द्यावी. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

बाहेरच्या टेबलावर त्यांची मदतनीस संगणकावर नवा अर्ज भरत होती. इत्झेल तिचं नाव, चुणचुणीत मुलगी. नाव, जन्मतारीख, वजन पटापट टाइप केलं आणि एका जागी थांबली.

"मावशी, शस्त्रक्रिया बदलण्याचं कारण काय लिहू? विम्यावाले हा रकाना रिकामा ठेवू देत नाहीत."

नेरेइदा उभ्या उभ्या टेबलाची कड धरून राहिली. इत्झेलनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

"लिही," ती म्हणाली. "किडनी आता कुणाला द्यायची नाही."

इत्झेलला काही उमगलं नाही. तिनं ते जसंच्या तसं टाइप केलं, कागद छापून पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. नेरेइदानं सही केली.