टिंबामागची माय

माझा नवरा गेला तेव्हा थंडी नुकतीच सुरू झाली होती. त्याचा चष्मा टेबलावर लॅपटॉपशेजारी होता, तो मी तसाच राहू दिला. त्याची थोरली बहीण, आमच्या अक्का, धुळ्याजवळच्या गावाहून दुखवट्याचा सव्वा महिना माझ्यासोबत राहायला जळगावला आल्या होत्या. आम्ही दोघीही कमी बोलणाऱ्या. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, त्यांनी शेतात. पण एकमेकींच्या गप्प बसण्याची आम्हाला अडचण होत नसे.

तो सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन खेड्यापाड्यांत फिरायचा. आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, लग्नात व्याह्यांची उणीदुणी काढणारी गाणी, दळणाच्या ओव्या, सगळं अहिराणीतलं. ते त्याने स्वतःच्या साइटवर ठेवलं होतं. त्या सर्व्हरची मुदत संपत आली होती. त्याच्या एका मित्राने मला फोनवर सगळं समजावलं.

"वहिनी, भाड्याची खोली सोडतो ना, तसंच. आधी सामान उतरवून घ्या, नीट बघून घ्या, मग खोली रिकामी करा. आपण दुसरीकडे मांडू."

फाइली ने-आण करायचा प्रोग्राम लॅपटॉपवर होताच. डाव्या बाजूला आपला संगणक, उजव्या बाजूला सर्व्हर. उजवीकडचं उचलायचं आणि डावीकडे आणून सोडायचं. मी रोज दुपारी थोडं थोडं उतरवत असे. एकेक गाणं उतरलं की ऐकावंसं वाटे, कारण मध्येच त्याचं खोकणं असे, "हां, पुढं म्हना" असं सांगणं असे.

अक्का तुरीच्या शेंगा सोलत माझ्याकडे बघत असत. एका दुपारी त्यांनी विचारलं, "त्यानं ते मायनं रडानं खरंच पुसी टाकेल व्हई का वं?"

ते कोणतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या गावात माणूस गेला की घरातल्या बायका शब्दांत रडतात. गेलेल्याला हाका मारत, त्याच्या एकेका वस्तूचं नाव घेत. माझ्या सासूबाई त्यात पटाईत होत्या. सासरे गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून रडल्या आणि माझ्या नवऱ्याने दाराआड बसून ते रेकॉर्ड केलं. पुढे एकदा तो ते घरात ऐकत होता. अक्का माहेरी आल्या होत्या. त्या कडाडल्या, "घरमा कोनी मरेल नई, नि रडानं कसाले वाजाडस? पुसी टाक ते!" मरण नसताना ते शब्द घरात उमटले तर मरण वाट शोधत येतं, असं त्या घरात मानतात. तो "बरं" म्हणाला. त्याच दिवशी ते साइटवरूनही नाहीसं झालं. मग सासूबाईही गेल्या.

आणि भावाला उचलून नेलं तेव्हा अक्का दारात मुक्या उभ्या होत्या. बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मलाही ते दिसलं होतं.

"मायले बठ्ठं येत व्हतं," त्या म्हणाल्या. "माले एक शब्द सुचना नई. आते सव्वा महिना सरना की ते घरमा म्हनता येवाव नई. नि पुसाले मीच सांगेल व्हतं."

मी साइटची पानं पाहिली, सर्व्हरवरची सगळी फोल्डरं पाहिली. नव्हतं. "नाही हो अक्का," मी म्हटलं. यादीत नाही म्हणजे नाही, हे वाचकांना सांगायची मला सवयच होती. त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

उतरवून झाल्यावर मी सर्व्हर रिकामा करायला घेतला. फोल्डरं एकेक करून जात होती. एकच जाईना. फोल्डर रिकामं नाही, असा संदेश येई. उघडून बघावं तर आत काही नाही. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी मित्राला फोन लावला.

"थांबा, थांबा, काही पुसू नका," तो म्हणाला. "नावाआधी टिंब दिलेलं असेल. टिंबाने सुरू होणारी फाइल तिथे एरवी दिसत नाही. वर सर्व्हरच्या मेनूत लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय आहे, त्यावर खूण करा. मग फोल्डर पुन्हा उघडा."

मी खूण केली. फोल्डर पुन्हा उघडलं. आत एकच फाइल होती. आधी टिंब, आणि त्याला चिकटून रोमन अक्षरांत 'माय'.

ती डावीकडे उतरेपर्यंत मी पडद्यावरून नजर हलवली नाही. बहिणीचा शब्द मोडवला नाही त्याला, आणि आईचा आवाज पुसवलाही नाही. त्याने तो फक्त नजरेआड केला होता. मला सांगितलंही नव्हतं. याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याचा चष्मा जरासा बाजूला सरकवून मी अक्कांना हाक मारली.

"अक्का, आहे ते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. "लपाडी ठेयेल व्हतं? लबाड मेला!" म्हणाल्या आणि जीभ चावली. मग शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "लाव. आते तं घरमा मरेल शे ना."

आधी खरखर. कुठेतरी बकरी. मग सासूबाईंचा आवाज, खोल, न थरथरणारा.

"तुन्ही पगडी खुटीवर शे, तू कोठे गया... तुन्हा बैल वाट दखस, तू कोठे गया..."

अक्का डोळे मिटून, ओठ हलवत ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "आजून एक डाव." मी पुन्हा लावलं. या खेपेस त्यांनी डोळे मिटले नाहीत. टेबलाकडे बघत, आईच्या आवाजामागून, आधी पुटपुटत आणि मग घर भरून त्या म्हणू लागल्या.

"तुन्हा चष्मा टेबलवर शे, मन्हा भाऊ, तू कोठे गया..."