‘आपण’ म्हणजे कोण?

लेक वेळेवर जेवत तरी असेल का, या विचाराने आईच्या जिवाला घोर लागला होता. लेक पुस्तकांचं बाइंडिंग करायची. भागीदाराने दुकानाला कुलूप ठोकलं, तिची पुस्तकं दाबायची लोखंडी प्रेस आत अडकली, म्हणून तिने दावा लावला. भागीदाराला धाडलेलं समन्स न पोचताच परत आलं तेव्हा वकील म्हणाले, “भागीदाराचा नवा पत्ता आपण मुदतीत कोर्टाला द्यायचा.” तिला वाटलं, आपण म्हणजे दोघं, म्हणजे अर्थातच वकीलसाहेब. वकिलांनी मात्र तिलाच अदबीने ‘आपण’ म्हटलं होतं. पत्ता कुणीच दिला नाही आणि कोर्टाने दावा काढून टाकला.

“जन्मात पहिल्यांदा कुणी एवढा मान दिला, आई, आणि तोच नडला बघ!” लेक फोनवर हसली होती. त्यानंतर तिचा फोनच नाही.

पूर्वी ती प्रेसचा दांडा पिळता पिळता बोलायची, मध्येच “थांब गं,” म्हणून दम घ्यायची. त्या धापेसाठी आईचे कान आसुसले होते. दावा पुन्हा उभा करायला अर्ज करता येतो, हे आईने वकिलांकडून काढून घेतलं होतं. पण ते नंतर. आधी पोरीचा आवाज ऐकायचा, असं ठरवून तिने फोन उचलला.