ऑलवेजची जागा

शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासणीला येणार हे कळल्यापासून बेबाबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. जामनेरजवळच्या एका खेड्यात त्या सातवीला शिकवत. गणित, मराठी म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पण इंग्रजीचे गुरुजी बदलून गेले आणि तो तास बाईंच्या गळ्यात पडला. मॅट्रिकला पहिल्या खेपेस त्या याच विषयात नापास झाल्या होत्या. तेव्हापासून इंग्रजी म्हटलं की तळहातांना घाम.

"कायले इतली भेतेस वं? साहेब काय वाघ हाये?" केळीच्या बागेकडे निघालेले त्यांचे यजमान चुडामणभाऊ म्हणाले.

"वाघ परवडला. तो इंग्रजी तरी विचारत नाही."

बाईंनी एकच नियम घोकून ठेवला होता: ऑलवेज, नेव्हर, समटाइम्स हे शब्द क्रियापदाच्या आधी. तपासणीच्या दिवशी साहेब येऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी फळ्यावर 'आय ऑलवेज ड्रिंक टी' लिहिलं. साहेबांनी मान डोलावली. जरा जिवात जीव येतो, तोच ते म्हणाले, "आता 'आई नेहमी घरी असते' हे इंग्रजीत लिहा."

बाईंनी लिहिलं, 'मदर ऑलवेज इज ॲट होम.'

या वेळी साहेबांनी मान डोलावली नाही. कुठं चुकलं कळेना, पण चुकलं हे नक्की. वळून पाहिलं, तर सगळी पोरं माना खाली घालून तेच वाक्य वहीत उतरवत होती. हेच घोकून ही पोरं उद्या मॅट्रिकला बसतील!

"थांबा रे, लिहू नका!" त्यांनी हातानंच फळा पुसला. "साहेब, माझं चुकलं. कुठं, ते कळत नाही. तुम्ही सांगा."

साहेबांनी उठून खडू घेतला. "ड्रिंक, गो, ईट यांच्या आधी ऑलवेज. पण ॲम, इज, आर आले, तर त्यांच्या नंतर." त्यांनी लिहिलं, 'मदर इज ऑलवेज ॲट होम.' शेरा काय देणार ते न सांगताच ते गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच धडा पुन्हा घेतला. एका मुलीनं विचारलं, "बाई, वाक्यात 'कॅन' आला तर?"

बाईंनी प्रश्न वहीत टिपून घेतला. "विचारून सांगते."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या एस.टी.नं जामनेरला गेल्या. साहेबांची कचेरी तिथंच होती.

"काय काम आहे?" दारात शिपायानं हटकलं.

"साहेबांना इंग्रजीतलं विचारायचंय," बाई तळहात पदराला पुसून म्हणाल्या आणि आत गेल्या.