फोनवर चाक दिसत नाही

गॅरेजच्या दारात पोचलं की मामा खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर टाकायचे, त्यावर एक गुडघा टेकायचे आणि मिस्त्रीला म्हणायचे, "आधी चाक खोल, मग तोंड उघड."

मामा म्हणजे आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. शिरूरहून निघून निमोणे, दौंड करत ती बस आम्हाला कुरकुंभच्या एमआयडीसीत सोडायची. मी तिथल्या लॅबमध्ये होते. बसमधल्या निम्म्या लोकांकडे दुचाक्या होत्या आणि प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या गॅरेजने कधीतरी टोपी घातलेली होती. त्यामुळे ब्रेक वाजायला लागला की लोक आधी मामांना गाठायचे. असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, स्वतःची कामं टाकून दुसऱ्याच्या गाडीखाली डोकं घालणारा.

माझी स्कूटर ब्रेक दाबला की किंचाळायची. शिरूरच्या एका गॅरेजवाल्याने तिच्याकडे नुसतं बघूनच सांगितलं, "मॅडम, ब्रेकचे लायनर संपले. ड्रमही गेलाय." आणि आत जाऊन घासून पातळ झालेलं एक लायनर पुरावा म्हणून घेऊन आला. मामा माझ्या शेजारीच उभे होते.

"हे कुणाचं?"

"मॅडमच्याच गाडीचं."

"गाडी अजून स्टँडवर हाय. तिला तू हात लावला न्हाईस. मग लायनर काय उडी मारून आत गेलं व्हय?"

चाक खोललं तर आत नुसती धूळ. मामांनी ती पुसून काढली, लायनरवरून जरा पॉलिश पेपर फिरवला आणि स्कूटर गप्प झाली. गॅरेजवाल्याचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं होतं.

मामा दिसले की गॅरेजवाले एकमेकांना म्हणायचे, "आली साडेसाती." एकाने तर पाटीच लावली, 'गिऱ्हाइकांनी आत येऊ नये.' मामा उंबऱ्यावर बसले. "मी कुठं आत हाय?" म्हणाले, आणि चाक खोलेपर्यंत हलले नाहीत.

दुरुस्तीशी त्यांचं वैर होतं असं मात्र समजू नका. एकदा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या मोटारसायकलचं चाक खोलून पाहिलं आणि किल्ली सरळ स्वतःच्या खिशात घातली. "लायनर मेल्यात पार. आज रिक्षानं जा." नवे लायनर पडेपर्यंत किल्ली परत मिळाली नाही. नवरा दिवसभर धुसफुसत होता.

नाव झालं तसे मामांना गावोगावहून फोन यायला लागले. सुरुवातीला त्यांचं एकच उत्तर असायचं, "फोनवर चाक दिसत न्हाई. गाडी घिऊन ये." पण माणसं लांबची, आर्जवं करायची. हळूहळू मामा गाडीचा आवाज कसा येतो ते विचारायला लागले, मिस्त्री कोण ते विचारायला लागले, आणि तेवढ्यावर सांगून टाकायला लागले. ते बहुतेक वेळा खरंही निघायचं. आम्ही बसमध्ये त्याचं कौतुक करायचो.

मामांची एकुलती एक मुलगी कवठे येमाईला दिलेली होती. जावई पिकअपमधून भाजीपाला न्यायचा, मोठा हसतमुख माणूस. ओढ्याच्या उतारावर पुढे उसाची ट्रॉली उभी होती आणि त्याची पिकअप थांबलीच नाही. तो जागच्या जागी गेला.

भेटायला गेलो तर शिरूरचा एक मिस्त्री येऊन बसला होता. पूर्वी मामांनी ज्याची लबाडी चार माणसांत उघडी पाडली होती, तोच. तो रडत सांगत होता, "म्या सांगितलं व्हतं, लायनर संपल्यात, आज गाडी काढू नका." या वेळी तो खरं बोलला होता. कुणीतरी हळहळलं, "मामांना नुसतं इचारलं असतं तरी त्यांनी चाक खोलाय लावलं असतं." मुलगी मान खाली घालून बसली होती. मामाही.

मामा कामावर परत आले, पण माणूस बदलला होता. कुणी ब्रेकबद्दल काही विचारलं की म्हणायचे, "टाका बदलून." चाकाकडे बघायचेसुद्धा नाहीत. गॅरेजवाले आता त्यांना बोलावून चहा पाजायचे आणि मामा मुकाट्याने प्यायचे. मला ते बघवायचं नाही.

शेवटी एका सकाळी सगळे उतरून गेल्यावर मी बसमध्येच थांबले. म्हटलं, "मामा, काय झालंय?"

ते स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "ताई, जावयानं मला फोन केला व्हता. गॅरेजमधनंच. बस हितंच गेटवर लागली व्हती, तुमी सगळे उतरत व्हता. म्हणाला, आप्पा, गाडी ठिवून जा म्हणत्यात. मी इचारलं, मिस्त्री कोण? नाव ऐकलं आन् म्हणलं, त्यो चोर हाय. निघ तू."

मग टॉवेलने स्टेअरिंग पुसत म्हणाले, "चाक खोलाय लाव, एवढंबी म्हणलो न्हाई."

"मुलीला सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगू? ती मला जेवाय वाढती, ताई."

पुढे त्यांनी नोकरी सोडली. मुलगी निमोण्याला त्यांच्याकडेच राहायला आली होती. मी अधूनमधून जायची. ती गरम भाकरी ताटात टाकायची आणि मामा वर न बघता खायचे. दोघं एकमेकांची फार काळजी घेत. बोलत मात्र कमी, तेही कामापुरतं. गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले.

जलदानविधी आटोपून माणसं पांगली, तशी मी तिच्याजवळ बसले. मामांनी उरात धरून ठेवलेलं मला एकटीला पेलवेना. तिला ते कळायला हवं असं मला वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. कशीबशी सुरुवात केली, "त्या दिवशी मामांना एक फोन आला होता..."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "गॅरेजमधनं निघताना ह्यांनी मला फोन केला व्हता. म्हणले, आप्पांना इचारलंय, काय हुत न्हाई, जेवाय येतो."

"मग इतके दिवस तू मामांशी याबद्दल बोलली का नाहीस?"

"लई येळा ओठावर आलं. आप्पा, माझा तुमच्यावर राग न्हाई, एवढंच म्हणायचं व्हतं. पण तसं म्हणलं असतं तर मला ठाऊक हाय हे त्यांना कळलं असतं ना. मग माझ्या हातचा घास तरी उतरला असता का त्यांच्या गळ्याखाली?"