रिलीव्हर आल्याशिवाय उठायचं नाही

शाळा बंद झाली तेव्हा माझी धाकटी पहिलीत होती आणि तिला छत्तीसच्या छत्तीस अक्षरं येत होती. परीक्षा न घेताच तिला दुसरीत ढकलण्यात आलं, मग दुसरीतून तिसरीत. दुसरीचा वर्ग तिने आतून पाहिलाच नाही. छत्तीसगढातली सरकारी शाळा, हिंदी माध्यम, घरात मराठी, आणि अभ्यास फोनवर. घरात फोन एक. तो माझ्याबरोबर ड्यूटीवर येत असे. त्यामुळे दुसरीचे बरेचसे धडे पोलादाच्या प्लांटमध्ये, टाइम ऑफिसात मी ऐकले. हातच्याची वजाबाकी मला आता चांगली येते.

मी दर रविवारी सकाळी तिच्यासमोर अक्षरांच्या चिठ्ठ्या टाकायचो आणि आकडा वहीत लिहायचो. छत्तीसचे तेहतीस झाले, मग एकोणतीस. शाळा उघडण्याचा हुकूम आला त्या रविवारी चोवीस होते. 'घ' आणि 'ध' समोर ठेवले की ती माझ्या तोंडाकडे पाहायची, भुवई हलते का ते बघायला.

"तुमी मोजून राहिले की तिले शिकवून राहिले?" बायको म्हणाली.

प्रश्न बरोबर होता. पण मी टाइम ऑफिसचा माणूस. बावीस वर्षं कामगारांच्या पाळ्या लावतो आणि हजेरी मोजतो. शिकवणं माझ्या हातात नव्हतं. शाळा उघडणं थोडंफार होतं, कारण मी पालक समितीचा सभासद होतो.

हुकुमाचा अर्थ असा होता की शाळा उघडावी, पण उघडली असं सरकारने म्हणू नये. पालक समिती आणि पार्षद, म्हणजे नगरसेवक, यांनी लेखी शिफारस द्यायची. शिफारशीसोबत सुरक्षेची योजना जोडायची. काही बरं-वाईट झालं तर खाली सही कोणाची आहे हे स्पष्ट असावं, एवढी काळजी त्यात नीट घेतलेली होती.

आमच्या समितीचे अध्यक्ष प्लांटमध्ये क्रेन चालवत. मूळ भंडाऱ्याकडचे, स्वभावाने मोकळे, आणि सेफ्टीच्या बाबतीत अतिशय कडक. पहिल्या बैठकीत त्यांनी सुचवलं की लघवीला जाणाऱ्या मुलाने परमिट घ्यावं.

"परमिट?" मोठ्या मॅडम म्हणाल्या. मोठ्या मॅडम म्हणजे मुख्याध्यापिका. "भैया, ये बच्चे हैं."

"मॅडम, आमच्याकडे बिना परमिट कोनी पाइपाले हात नाही लावत," अध्यक्ष म्हणाले.

तो मुद्दा मागे पडला. माझ्याकडे मोजमापाचं काम आलं आणि मी ते मनापासून केलं. खोल्या पाच. प्रत्येक खोली वीस फूट बाय चोवीस. पुढचे चार फूट फळ्याचे सोडले तर उरली वीस बाय वीस. सहा फुटांच्या अंतराने त्यात सोळा मुलं बसतात. पाच खोल्यांत ऐंशी. पटावर मुलं दोनशे दहा. म्हणजे तीन पाळ्या, प्रत्येक पाळीत सत्तर, खोलीत चौदा. दर खोलीत दोन जागा शिल्लक. शिक्षक चार होते आणि खोल्या पाच, पण तो प्रश्न मोजपट्टीने सुटणारा नव्हता म्हणून योजनेत घेतला नाही.

हात धुण्याचंही गणित केलं. नळ दोन, त्यातला एक चालू. वीस सेकंद गुणिले सत्तर म्हणजे तेवीस मिनिटं आणि वीस सेकंद. वर्ग आठला सुरू करायचा तर पहिल्या मुलाने नळावर सात वाजून सदतीस मिनिटांनी उभं राहायला हवं. मी तसं लिहिलं. वीस सेकंद मी सोडून दिले, कुठेतरी माणसाने थांबायला पाहिजे.

फाटकाबाहेर चुन्याची सत्तर वर्तुळं काढली. संध्याकाळपर्यंत वस्तीतल्या मुलींनी त्यात खापरी टाकून लंगडी सुरू केली होती. ताप मोजायचं यंत्र आलं. ते सावलीत सगळ्यांना थंड दाखवी आणि उन्हात सगळ्यांना तापलेले. पहिल्या चाचणीत फक्त अध्यक्षांना ताप निघाला, कारण ते यंत्राची वाट बघत अर्धा तास उन्हात उभे होते. नियमाप्रमाणे त्यांना घरी जावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांना कडुनिंबाखाली बसवून पुन्हा मोजण्यात आलं.

या सगळ्यातून आठ पानांची योजना तयार झाली. तिचा सतरावा नियम मी लिहिला. इथे तो सांगायला हवा.

प्लांटमध्ये पाळी संपली म्हणून कोणी उठून जात नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, जागेवर आला, त्याला चार्ज दिला, काय झालं काय बाकी आहे ते सांगितलं, की मग सुटका. रिलीव्हर नाही आला तर डबल ड्यूटी, म्हणजे पुढची पाळीही त्यानेच करायची. भट्टीसमोरची जागा रिकामी ठेवता येत नाही. हे आमच्या इतकं अंगात मुरलेलं आहे की तीन पाळ्या म्हटल्यावर माझ्या पेनातून ते आपोआप उतरलं: 'पुढील पाळीचा विद्यार्थी बाकापाशी येऊन बाक ताब्यात घेईपर्यंत आधीच्या विद्यार्थ्याने जागा सोडू नये.'

मी ते बैठकीत वाचून दाखवलं. हजर असलेल्या नऊ पालकांपैकी सात प्लांटचे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"हे महत्त्वाचं लिवलं बाबू तुमी," अध्यक्ष म्हणाले. "पोस्ट खाली सोडून चालतच नाही."

दाराशी शाळेत जेवण रांधणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्या सभासद नव्हत्या, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आपल्या छत्तीसगढीत विचारलं, "पहिली वाली उठही नइ, त दूसर बइठही कहाँ?" पहिली उठलीच नाही तर दुसरी बसणार कुठे.

कोणी हसलं. मी इतिवृत्तात लिहिलं: 'एक सूचना प्राप्त झाली. योग्य वेळी विचार केला जाईल.' हे वाक्य बावीस वर्षांत माझ्या हाताखालून इतक्यांदा गेलंय की ते लिहिताना मी सूचना ऐकलीही नाही.

पार्षदांनी आठही पानांवर सही केली. वाचायला त्यांना चार मिनिटंही लागली नाहीत.

पहिल्या दिवशी मी रजा टाकली आणि वही घेऊन फाटकाशी उभा राहिलो. पहिल्या पाळीची सहासष्ट मुलं आली, त्यात माझी मुलगीही. तिने नवा मास्क लावला होता आणि दप्तरात तीन पेन्सिली टोकदार करून ठेवल्या होत्या. आठपासून दहापर्यंत सगळं कागदाप्रमाणे चाललं. अध्यक्ष दोनदा येऊन म्हणाले, "बाबू, ओके आहे."

दहा वाजता दुसऱ्या पाळीची एकसष्ट मुलं आत गेली. पहिली पाळी नियमाप्रमाणे बसून होती. प्रत्येक रिलीव्हर आपापल्या बाकापाशी पोचला आणि चार्ज देणं-घेणं सुरू झालं. ही मुलं दीड वर्षाने एकमेकांना भेटत होती. कोणाचे दात पडले होते, कोणाच्या घरी बकरी आली होती. चार्ज काही संपेना. मास्क हनुवटीवर आले, कारण पडलेला दात मास्कमधून दाखवता येत नाही. सोळा जागांच्या खोलीत पंचवीस मुलं, आणि ज्यांचा चार्ज झाला ती पाच फुटी व्हरांड्यात, जिथे येणारे आणि जाणारे समोरासमोर अडकले होते. मी सहा फुटांचं अंतर शोधत होतो. सहा इंच मिळालं असतं तरी लिहिलं असतं.

मोठ्या मॅडमनी घंटा वाजवली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. मी फाटकाशी मोजत राहिलो. आत गेले एकशे सत्तावीस. बाहेर आले एकशे सव्वीस.

पुन्हा वही पाहिली. बेरीज बरोबर होती. मग लक्षात आलं की बाहेर आलेल्यांत माझी मुलगी मी पाहिलेली नाही.

तिसरीच्या खोलीत ती दुसऱ्या ओळीतल्या बाकावर एकटी बसली होती, हात बाकावर, नजर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर. दप्तर उघडंच होतं.

"अगं, सुटली ना शाळा. चल."

"कशी येऊ बाबा?" ती म्हणाली. "माही रिलीव्हर नाही आली."

तिच्या बाकावर दुसऱ्या पाळीत जी मुलगी होती ती अजून आजीच्या गावी होती. सतरा नियम सगळ्या मुलांना वाचून दाखवले होते. सतरावा शेवटपर्यंत पाळणारी माझी मुलगी एकटी निघाली. मी तिला उठवलं. ती उठली, पण जाता जाता तक्त्याकडे बघून हलक्या आवाजात म्हणत गेली, "घ घडी, ध धनुष."

शाळा नऊ दिवस पुन्हा बंद राहिली. दहाव्या दिवशी बैठक झाली. सतरावा नियम कोणी लिहिला, असं पार्षदांनी विचारलं. अध्यक्षांनी छताकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी लिहिला. बाईंनी त्याच दिवशी चूक दाखवली होती, तीही मी लिहून ठेवली आहे." इतिवृत्तातलं ते वाक्य वाचून दाखवलं. या वेळी कोणी हसलं नाही.

मग मोठ्या मॅडमनी रांधणाऱ्या बाईंना आत बोलावून खुर्ची दिली. त्या दोघींनी मिळून दहा मिनिटांत योजना केली. घंटा झाली की मुलं मागच्या दाराने जातील. मग अर्धा तास खोल्या हवेसाठी उघड्या. मग पुढची पाळी पुढच्या दाराने. सगळं अर्ध्या पानावर बसलं.

"अन् हे आठ पानं?" अध्यक्षांनी विचारलं.

"फायलीत लावा," मी म्हणालो. "सह्या आहेत त्याच्यावर."

घरी आलो तर मुलगी दारातच उभी. सोमवारपासून शाळा, हे ऐकून तिने आधी उडी मारली. मग मी सांगितलं की सतरावा नियम काढला, आता घंटा झाली की सरळ घरी यायचं.

"कावून काढला?"

"गर्दी होते बेटा."

"पन माह्या बाकावर तर कोनीच नाही येत." मग तिने विचारलं, "बाबा, मले डबल ड्यूटी नाही भेटत काय?"

बायको आतून म्हणाली, "द्या आता उत्तर, टाइम ऑफिसवाले."

उत्तर माझ्याच आकड्यांत होतं. खोलीत जागा सोळा, मुलं चौदा, त्यात दुसऱ्या पाळीची एक गावी. सहा फुटांचं अंतर न मोडता ती बसू शकत होती. बावीस वर्षांत मी डबल ड्यूटीचे अर्ज नाकारण्यातच नाव कमावलंय. त्या दिवशी पहिल्यांदा एक स्वतः लिहायला घेतला, मोठ्या मॅडमच्या नावे. विद्यार्थिनीचं नाव, वर्ग, बाक क्रमांक, पाळी दुसरी. मग 'कारण' लिहायचं होतं, तिथे मी अडलो. चोवीस अक्षरं लिहावीत की काय लिहावं, ते कळेना. मुलगी खांद्यावरून बघत होती.

शेवटी टाइम ऑफिसात लिहितात तेच लिहिलं: रिलीव्हर अनुपस्थित.