नागाक्काला घेऊन हैदराबादच्या मोठ्या कोर्टात

माझ्या धाकट्या भावाला, संगप्पाला, कडब्याची गंजी पेटवल्याबद्दल पाच वर्षांची सजा झाली. अपिलाची तारीख लागली तेव्हा मी एकच ठरवलं, शेजारच्या नागाक्काला सोबत घेऊन हैदराबाद गाठायचं. गंजी पेटली त्या संध्याकाळी संगप्पा तिच्या गोठ्यात अडलेली गाय सोडवत होता आणि हे पाहणारी ती एकटीच. खालच्या कोर्टात तिची जबानी झालीच नाही. पेशकार, म्हणजे कोर्टातला कारकून, म्हणाला, गळ्यातलं लिंग काढून टेबलावर ठेव आणि शपथ घे. आम्हा लिंगायतांत मरेपर्यंत लिंग अंगावेगळं करत नाहीत. ती म्हणाली, हातात धरून घेते. त्याने तिला घरी पाठवलं.

आमच्या गावाहून मन्नाएखेळ्ळीपर्यंत बैलगाडी, तिथून हैदराबादची मोटार. लढाईमुळे पेट्रोल नाही, मोटार कोळशावर चालते. मागे भट्टीजवळ अजिबात बसू नका. आम्ही बसलो आणि नागाक्काचा खोकला जो सुरू झाला तो थांबेचना. चढ आला की सगळ्यांनी उतरून चालायचं. सोलापूरकडून येणाऱ्यांनी इंग्रजी कलदार रुपये आधी बदलून घ्यावेत, इथे संस्थानचे हाली रुपयेच चालतात. भाकरी आणि शेंगाचटणी मात्र घरचीच बांधा.

"जज्जसायबाला कन्नड येतंय का मराठी?" नागाक्काने वाटेत विचारलं.

"दोन्ही न्हाई. वकील सांगत्यात की, अक्का."

"मंग मला कामून न्यायलास?"

मी म्हटलं, तुला बघितलं की त्यांना पटंल. खरं तर माझीच खात्री नव्हती.

हैदराबादला आमच्या वकीलसाहेबांनी तिला पाहून कपाळाला हात लावला. "गवाह कू कायकू लाए? इथं साक्षीदार कुणी ऐकत नाही. खालचे कागद वाचतात, चूक कुठं झाली तेवढी बघतात." दोन दिवसांचा खोकला मी त्या बाईला फुकट दिला होता. मी शपथेची हकीकत सांगितली. त्यांनी उर्दू कागदांचा गठ्ठा पुन्हा उपसला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: साक्षीदार हजर, शपथेस नकार, रवाना. इतकंच.

कोर्टाच्या व्हरांड्यात आळंदचे एक अप्पा भेटले. विहिरीच्या हद्दीचं त्यांचं दिवाणी अपील बापाच्या काळापासून चालू. "तुमचं फौजदारी हाय, माणूस आत हाय. लौकर लागंल," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्याने धीर यायच्या ऐवजी धडकीच भरली.

आमची पाळी आली ती अर्ध्या घटकेची. दोन न्यायाधीश, समोर कागद. नागाक्का मागच्या बाकावर, तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होती. वकिलांनी ती ओळ वाचली. थोरल्या न्यायाधीशांनी विचारलं, "इन्कार किया था, या अपने तरीक़े से क़सम लेने को तैयार थी?"

"हुज़ूर, वो काग़ज़ में नहीं है."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, ती इथेच बसलीय, विचारा तिला! पण तिथे मला बोलायची मुभा नव्हती. दोघे कुजबुजले. हुकूम असा झाला: सजा रद्द, पण सुटका नाही. खालच्या कोर्टाने या बाईची शपथ तिच्या रीतीने घ्यावी, जबानी ऐकावी आणि निकाल नव्याने द्यावा. तोवर संगप्पा तुरुंगातच.

परतीच्या मोटारीत आम्ही पुढे बसलो. तिला हुकूम समजावला तर म्हणाली, "म्हंजी मी बोलल्याबिगर त्यो सुटत न्हाई?"

"व्हय."



तारीख शिमग्यानंतरची आहे. अपील म्हणजे काय असतं, हे मला आता चारचौघांना सांगता येतं. पण नागाक्काचा खोकला छातीत उतरलाय, आणि तो मी लावलेला आहे. रोज उजाडताच काढा घेऊन मी तिच्या दाराशी उभा राहतो. त्या संध्याकाळी जन्मलेलं वासरू गोठ्यात हुंदडत असतं. कडी वाजवायचा धीर होत नाही, म्हणून नुसताच खाकरतो.

आतून आवाज येतो, "हाय रं बाबा, हाय अजून. काढा ठेव आन् जा."